परत केलेली बोरमाळ

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सोन्याचे कण बनवते. इतके बारीक, की ते पाण्यात असले तर पाणी लाल दिसतं. हे कण कॅन्सरच्या गाठीत साठवायचे, वरून ठरावीक प्रकाश टाकायचा. कण तापतात आणि गाठीतल्या पेशी मरतात. उंदरांच्या! आमचं काम माणसापर्यंत पोचलेलं नाही, हे लोणावळ्याच्या घरी मी घसा फोडून सांगितलंय. पण ऐकतंय कोण? आमच्या वडिलांनी सगळ्या गोतावळ्यात सांगून टाकलं, पोरगी सोन्यानं कॅन्सर बरा करते.

मग वडिवळ्याच्या आत्याच्या छातीत गाठ निघाली. केमो सुरू झाली. मी तिला मोबाईलवर आमच्या बाटलीचा फोटो दाखवला. "आगं, ह्ये तर कोकमाचं सार!" असं म्हणून, केस गेलेल्या डोक्यावरचा पदर सावरत ती खूप हसली.

पुढच्या खेपेला मी वडिवळ्याला गेले, तेव्हा तिनं तांदळाच्या पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत तिची बोरमाळ.

"ही घे. माझं औषिद माझ्याच सोन्याचं कर. दुसऱ्याचं सोनं अंगी लागत न्हाई."

मला हसू आलं आणि रागही आला. त्या दिवशी हेच पुराण चौघांना सांगून माझं डोकं उठलं होतं. "काहीतरीच काय, आत्या! आम्हाला दागिने लागत नाहीत, सोन्याचा क्षार बाटलीतून येतो. घाल ती गळ्यात." पुरचुंडी तिच्या हातात कोंबली आणि मी कामशेतला लोकल पकडायला निघाले. खोटं एक अक्षर बोलले नाही. तेच तर डाचतं.

त्यानंतर ती केमोला गेलीच नाही. आज लावणी आहे, उद्या म्हैस व्यायलीय, परवा कंबर धरलीय. तिच्या मुलानं हात जोडले, मी फोनवर आरडाओरडा केला. बाई ढिम्म! दुखणं हाडांत उतरलं तेव्हा डॉक्टरांनीच हात टेकले.

शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसले होते. राहवलं नाही, रडतच म्हटलं, "आत्या, ते सोनं खरंच लागत नव्हतं गं."

"मला ठावं हाय की. मी काय येडी हाय?" तिनं माझा हात धरला. "पर तू ती ठिवून घेतली न्हाईस. मला वाटलं, हिला समदं कळतं. आता माझ्यात काय राह्यलं न्हाई, म्हणून माघारी दिली."

बोरमाळ परत केली तेव्हा तर तिची गाठ निम्म्यानं उतरली होती. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून ते सांगितलं, आम्ही बाहेरच हसलो, डोळे पुसले. आत जाऊन तिला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. नंतर फोनवर ओरडून सांगितलं, तेव्हा तिला ती नुसती समजूत वाटली.