हिलालच्या सुट्या ओळी

शिरपूरच्या एका शिक्षण संस्थेत हिलाल सात वर्षं टायपिस्ट होता, आणि सातही वर्षं हंगामी. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला रामराम. नोकरी कायम व्हावी आणि ती पहिल्या दिवसापासून धरली जावी, एवढंच त्याचं मागणं. नाहीतर ही सात वर्षं केली काय न् न केली काय, सारखंच.

त्याची एक खोड होती. कच्चा मजकूर टाईप करताना तो प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्यायचा. त्याला कारण संस्थेचे चेअरमन अभिमनआबा. आबांची मर्जी तासातासाला फिरायची. सकाळी ज्याचे आभार, दुपारी त्याच्याशीच भांडण. मग हिलाल कात्रीने तेवढी ओळ कापायचा, नवी पट्टी डिंकाने चिकटवायचा, आणि बाकीचं पान पुन्हा बडवायचे कष्ट वाचायचे. हेडक्लार्क तोतारामभाऊसाहेबांच्या मात्र कोरी जागा पाहून पोटात दुखायचं.

"कविता करी ऱ्हायना का रे? कागद तुना बापना शे का?"

अठ्ठ्याऐंशीच्या गॅदरिंगला आबांचं भाषण नऊ वेळा बदललं. आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी फर्मान काढलं: पक्की प्रत काठोकाठ भरून एकाच पानात बसव, नाहीतर कायमच्या यादीतलं नाव विसर. हिलालने बसवली. त्या पानात टाचणी टोचायला जागा उरली नाही.

आबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तरी सुरुवात झोकात झाली.

"संस्थेचे आधारस्तंभ झुलालनाना गेल्या महिन्यात आपल्याला सोडून गेले." इथे आबा घोटभर पाणी प्यायले, पुन्हा कागदात घुसले ते थेट तीन ओळी खाली. "याचा मला मनापासून आनंद होत आहे."

मागच्या रांगांतून सवयीने टाळ्या पडल्या. झुलालनानांच्या पत्नी ताईबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेजारणीला शांतपणे सांगितलं, "माले ठाऊकच व्हतं."

हिलालला वाटलं, आता नोकरी गेलीच. तो फाईलमधली डिंकाने बरबटलेली कच्ची प्रत घेऊन स्टेजवर धावला. आबा त्यातून एकेक ओळ वाचू लागले. ओळ संपली की थांबत, थांबले की लोक टाळ्या वाजवत. इतक्या टाळ्या त्यांना निवडून आल्यावरही पडल्या नव्हत्या. खाली उतरताना ते हिलालकडे बोट करून भाऊसाहेबांना म्हणाले, "आते बठ्ठं कामकाज असंच लिखानं. आनि याले कायम करा."

सोमवारी ऑर्डरचा कच्चा मजकूर हिलालनेच टाईप केला. चार वाक्यं, चार ओळी. तिसरी ओळ होती, 'त्यांची सेवा पहिल्या दिवसापासून धरण्यात यावी.' ती टाईप करताना तो दोनदा चुकला.

भाऊसाहेब कागद घेऊन आबांच्या केबिनमध्ये गेले आणि दहा मिनिटांत बाहेर आले. कागदावर मंजुरीची सही होती, ओळी तीन होत्या.

"तुनी पद्धत बेस शे," भाऊसाहेब कात्री परत ठेवत म्हणाले. "एकच ओळ काढनी पडनी."

हिलालला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही. तिसरी ओळ कापलेल्या जागेवरून त्याने बोट फिरवलं. काप अगदी सरळ होता. कात्री त्याच्याच टेबलावरची होती.