कासवाची जाळी
पीनट बटरची बाटली उघडली, की त्या वासासरशी परदेशातल्या वेरिबी गावातल्या आमच्या घरामागचं अंगण आठवतं. नवरा लांबच्या कालगुर्ली गावी सोन्याच्या खाणीत नोकरी धरून वेगळा झाला होता आणि उरलेलं सामान न्यायला आला होता. त्याच आठवड्यात, थंडीने पाचोळ्याखाली निपचित पडलेल्या आमच्या कासवाचा मागचा पाय उंदरांनी कुरतडला होता. त्याने ते पाहिलं आणि हातातला खोका खाली ठेवला. “जाळी बारीक हवी. बोट गेलं तरी उंदीर शिरतो.” कासवाच्या कोपऱ्याभोवती लावायची जाळी मी ताणून धरली, तो कापत गेला. खालच्या मातीतही त्याने जाळी पुरली, कुंपणालगत पीनट बटर लावून सापळे ठेवले. दारातून मुलीने विचारलं, “इज बाबा स्टेइंग?” त्याने शेवटचा सापळा कुंपणाकडे सरकवला. “संध्याकाळी कासवाचं उरलेलं खाणं उचलत जा,” तो म्हणाला. मी “हो” म्हटलं. हात धुऊन, खोके गाडीत भरून तो गेला. मला काहीच वाटलं नाही, नुसती बोटं ठणकत होती. कासव आता लंगडत का होईना, उन्हात येतं. रडू मला अजूनही येत नाही. एवढंच मनात येतं, की न भांडता आम्ही दोघांनी मिळून पुरं केलेलं ते एकच काम.