सत्तेचाळिसावे आबा

एका मोठ्या सोशल साइटला जोडून मी लग्नपत्रिकेचं ॲप बनवलं. लॉगिन करायचं, नातेवाईक निवडायचे, की निमंत्रकांची यादी तयार. आमच्या जळगाव-धुळ्याकडे पत्रिकेत पन्नासेक नावं नसली तर लोकांना वाटतं, पोरीला कोणी नाहीच. ती नावं हाताने टाइप करायचा मला मनस्वी कंटाळा. पहिली पत्रिका माझ्याच बहिणीची काढली. प्रूफ बघितलं नाही. ॲप माझंच, त्यात तपासायचं काय?

पत्रिका वाटून झाल्या आणि शिंदखेड्याहून निरोप आला: आबा लग्नाला येणार नाहीत. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर घरात तेच मोठे, कन्यादान त्यांच्याच हातून व्हायचं होतं. लग्न आठ दिवसांवर.

मी पत्रिका उघडून नावं वाचली. आबांचं नाव पहिलं हवं, ते सत्तेचाळिसावं होतं. पहिला होता रावेरचा एक लांबचा चुलतभाऊ, जो मला रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतो.

"तुझ्या कॉम्प्युटरला थोरला-धाकटा कळत नाही," आई म्हणाली, "पण मेल्या, तुला तरी कळायला नको?"

मिळेल ती एसटी पकडली. आबा ओट्यावर बसले होते. पाया पडलो, तर त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

"आबा, देवाशपथ, नावं मी नाही लावली. आपण कोणाशी किती बोलतो ते ती साइट बघते, आणि त्याच क्रमाने नावं देते."

आबांनी जरा विचार केला.

"मंग मशीननं काय चुकनं? तू माले शेवटला फोन कवय कया?"

शेवटचा फोन कधी केला, मला आठवेना. त्या साइटवर आबांचं खातं मीच उघडून दिलं होतं, त्यानंतर तिकडे फिरकलो नव्हतो. इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

आबांनी आत काकूंना हाक मारली, "मन्ही पिशवी भर. पोरनं कन्यादान शे."

कन्यादान झालं. ॲप आता आधी प्रत्येकाचं वय विचारतं. मी दर रविवारी आबांना फोन करतो, कापसापासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलणं होतं. फोनवरचं बोलणं साइटला दिसत नाही. तिच्या यादीत आबा अजून सत्तेचाळिसावेच आहेत.