मामाजींच्या कंबरेला माझा पट्टा

आमच्या घरात गरोदरपणाचा पट्टा सगळ्यात जास्त कोणाला मानवला असेल, तर माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना.

मी बी.ए. आहे. (माहेर-सासर मिळून पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.) सातव्या महिन्यात माझी कंबर अशी धरली, की उठताना भिंत, बसताना खाट आणि मधल्या वेळात नवरा धरावा लागे. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाखालून बांधायचा पट्टा लिहून दिला. फिकट गुलाबी, ताणला की लांबणारा, सोडताना चर्रर्र वाजणारा. तो बांधला आणि मी आमच्या दिघोरी गावच्या गल्लीतून सरपंचासारखी चालू लागले!

सासूबाई म्हणाल्या, "आमी धानाच्या रोवण्यात वाकू वाकू लेकरं काढली. पट्टा कायले लागते बाप्पा?"

"आई, हे शास्त्र आहे," मी ऐकवलं.

हे शास्त्र धुऊन वाळत घालायची वेळ आली, तेव्हा मात्र मी ते दोरीवर साडीखाली लपवलं. सासऱ्यांसमोर पोटाचा विषय काढायची हिंमत विद्यापीठानं दिलेली नव्हती! नेमका वारा सुटला, साडी उडाली, आणि मामाजी पट्ट्यासमोर उभे.

"हे काय होय वं, सूनबाई?"

मी पदर सावरला. "कंबरेचा पट्टा आहे, मामाजी. कंबर दुखली की बांधायचा."

"कोणालेही चालते?"

"हो हो, कोणालाही!" म्हणाले आणि आत पळाले. (सातव्या महिन्यात पळता येतं तितकं.)

भर रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, माझं डोहाळेजेवण आलं. सकाळी धुतलेला पट्टा दुपारी घ्यायला गेले, तर दोरी रिकामी! आता पाटावर ताठ बसायचं कसं? ओटी भरून घ्यायची, वर हसायचंही!

"आई, माझा पट्टा?"

"कुत्र्यानं नेला असन. बस आता, बाया येऊन राहिल्या."

रोवण्याला न गेलेल्या सगळ्या बाया आल्या. पाचव्या ओटीला मी धानाच्या पोत्यासारखी एका बाजूला कलले.

"शिकली बाई, पण बसता येत नाही वं!" शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात धानाच्या बांधीतून मामाजी जेवायला आले. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि बंडीवरून आवळलेला माझा गुलाबी पट्टा! आजवर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या वाहून वाकलेला तो माणूस नवरदेवासारखा ताठ चालत होता.

ओवाळणारा हात जागीच थांबला. मग कौसाबाईंनी तोंड उघडलं, "काकाजी, कितवा महिना?"

"महिना कायचा? आजच बांधला!" मामाजी खुशीत गर्रकन फिरून दाखवू लागले. "लहान-मोठा होते. एकदम झकास!"

बाया पदर तोंडात कोंबून लोळायच्या बेतात. सासूबाईंनी कपाळ बडवलं, "अवं माय! काढा तो! पोटुशी बाईचा पट्टा होय तो!"

मामाजींचा चेहरा पट्ट्यापेक्षा गुलाबी झाला. पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सूनबाईनं सांगतलं, कोणालेही चालते. बी.ए. झालेली पोरगी खोटं सांगन काय?"

सगळ्या नजरा माझ्यावर! खरं सांगावं, तर सासऱ्यांची लाज जाणार. खोटं सांगावं, तर पट्टा जाणार.

"चालते ना, मामाजी," मी म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं."

हसणं बंद झालं. कौसाबाईंनी लगेच स्वतःची कंबर चाचपली. "मंग मलेही आणून दे ना एक!"

पट्टा परत मिळाला नाही. चिखल वाळून तो असा कडक झाला, की नुसता उभा केला तरी उभा राहायचा. दुसरा आला, तो कौसाबाईंनी 'पाहून देतो' म्हणून नेला. नववा महिना मी पुन्हा भिंत, खाट आणि नवरा यांच्या आधारानं काढला.

आता पोरगी शाळेत जाते. सगळ्यांना सांगते, "मी पोटात होतो तवा पट्टा आमच्या आबाजीनं बांधला होता!"

शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, हे काय प्रकरण आहे? मी, दोन्ही घराण्यांतली पहिली पदवीधर, मान खाली घालून म्हणाले, "पोरगी खरं सांगते. ती माझ्यावर गेली नाही."