दोन घरे, एकच बेगमी

आर्जव, म्हणजे मनाचा सरळपणा, हा गुण सांगायला सोपा आणि ओळखायला अवघड आहे. आपल्या प्राचीनांनी त्याला दैवी संपत्तीत स्थान दिले. परंतु शौर्य, दान, तप यांच्याभोवती जशी आख्याने रचली गेली, तशी आर्जवाभोवती फारशी रचली गेली नाहीत. कारण उघड आहे. जे मुळातच सरळ असते, त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही घडत नाही. आर्जवी मनुष्याला आपण सरळ चाललो आहोत, हेही ठाऊक नसते. ते दिसते केव्हा, तर सरळ चालण्याची किंमत दुसऱ्या कोणाला, तेही एखाद्या निरपराध जिवाला द्यावी लागते तेव्हा. त्या क्षणी आर्जव आणि निष्ठुरता यांतील अंतर इतके सूक्ष्म होते की जवळच्यांनाही ते ओळखू येत नाही.

अमेरिकेत, सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेस, फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांच्या नातवंडांनी भरलेले कोर्पी हे गाव आहे. तेथे वॉलफ्रिड नीमेला चौतीस वर्षे रस्त्यावरचे बर्फ ढकलण्याचा ट्रक चालवीत होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे गावातील शिकारी मंडळाच्या वर्षस्पर्धेची मोजणी आली. आली म्हणण्यापेक्षा ती स्पर्धा त्यांनीच उभी केली होती. मंडळात तेव्हा सर्वात तरुण सभासद त्रेपन्न वर्षांचा होता. वॉलफ्रिड यांनी एका सभेत उठून सांगितले, ‘आपण सगळे मेलो की हे सापळे भंगारात जाणार.’ त्याच सभेत नियम ठरले. स्पर्धा पहिल्या जानेवारीला सुरू व्हायची आणि एकतीस डिसेंबरला संपायची. मासे, ससे, तितर, हरीण, मस्करॅट आणि बीव्हर हे पाण्यातले केसाळ प्राणी, सारे त्यात धरायचे. प्रत्येक सभासदाने सोळा वर्षांखालील एक मूल बरोबर घ्यायचे. गुण मिळतील ते मुलाला. मोठ्याने ओझे वाहावे, शिकवावे, जेवण न्यावे. पण गळ, बंदूक आणि सापळा यांना हात मुलाचाच लागला पाहिजे.

दर शनिवारी दुपारी, सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापत असताना, त्यांच्या पडवीत मोजणी चाले. मासा मोजताना ते त्याचे तोंड बंद करीत, शेपटी चिमटीत धरीत आणि मगच पट्टी लावीत. बीव्हरचे कातडे फळीवर गोल ठोकून वाळवतात; लांबी आणि रुंदी यांची बेरीज म्हणजे गुण. ते ताणून ठोकले की दोन-तीन इंच वाढतात, हे सर्वांना ठाऊक असते. एकदा आर्वो मात्तिला आपल्या पुतण्याचे, डेलचे, असे कातडे घेऊन आला. वॉलफ्रिड यांनी पट्टी हातात घेतली नाही. ते वाकले आणि त्यांनी कुशीकडच्या केसांत हळूच फुंकर घातली. केस विरळ होऊन खालची कातडी दिसू लागली.

‘आर्वो, हा बीव्हर मेल्यावर आणखी वाढला का रे?’

‘पोरानं ठोकलंय, मी नाही.’

‘मग पोराला सांग, खिळे काढ आणि पुन्हा ठोक. मी पुढच्या शनिवारी मोजतो.’

‘तू ना वॉलफ्रिड, स्वतःच्या बायकोचं वजनसुद्धा काट्यावर घेतलं असशील,’ असे म्हणून आर्वो हसला. त्यांच्या पत्नी लेम्पी तेव्हा हयात होत्या. त्यांनी आतून उत्तर दिले, ‘घेतलं होतं, आणि चारचौघांत सांगितलंही होतं.’ मग त्यांनी वेलदोड्याचा गोड पाव कापून सर्वांना कॉफी दिली.

लेम्पी गेल्यानंतर तीन वर्षांनी वॉलफ्रिड यांच्याबरोबर मर्लिस ओयाला ही मुलगी स्पर्धेसाठी येऊ लागली. ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिची आई जॉइस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी; वडील दक्षिणेकडे खाणीत कामाला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. मुलगी अबोल होती. पण एकदा दाखवलेली गोष्ट तिला पुन्हा दाखवावी लागत नसे. त्या वर्षी तिने जानेवारीत बर्फाखालचे पाइक मासे पकडले, मे महिन्यात ट्राउट पकडले, नोव्हेंबरात आपले पहिले हरीण एका गोळीत पाडले आणि ते स्वतः सोलले. मंडळाच्या सभागृहात एक लाकडी फलक आहे. वर्षाच्या विजेत्याचे नाव त्यावर कोरतात. चौदा नावे होती, चौदाही मुलगे. मर्लिसला त्या फलकावर आपले नाव हवे होते. तिने तसे एकदाच सांगितले, ट्रकमध्ये, खिडकीबाहेर पाहत.

‘आजोबा, नाव पूर्ण लिहितात ना? ओयाला पण?’

‘पूर्ण लिहितात.’

‘मग बाबांना कोणीतरी सांगेल.’

वॉलफ्रिड यांनी ट्रकचा वेग थोडा कमी केला.

डिसेंबरात ती डेल मात्तिलाच्या किंचित मागे होती. उरले होते फक्त बीव्हर. मंडळाचा एक दंडक होता, कायद्याहून कडक आणि कायद्याहून जुना: बीव्हरच्या एका कुटुंबातून एका हिवाळ्यात दोनच घ्यावेत. बाकीचे कुटुंब वसंतापर्यंत राहिले पाहिजे. वॉलफ्रिड यांना दलदलीपलीकडचे एक तळे माहीत होते, जेथे काटक्या-चिखलाची दोन घरे होती. दोन घरे म्हणजे दोन कुटुंबे, म्हणून चार बीव्हर, असा त्यांनी हिशेब केला.

येथेच चूक झाली, आणि ती समजून घेतली पाहिजे. बीव्हर शरदात आपल्या घराशेजारी पाण्यात हिरव्या फांद्यांची बेगमी रचतात; हिवाळाभर बर्फाखालून जाऊन तीच खातात. जितक्या बेगमी तितकी कुटुंबे. घरे मोजून भागत नाही, कारण एकच कुटुंब कधीकधी दोन घरे बांधते. म्हणून जाणता माणूस तळे गोठण्यापूर्वी, ऑक्टोबरात, फांद्यांचे शेंडे पाण्यावर दिसत असतानाच फिरून येतो. वॉलफ्रिड दरवर्षी जात. त्या ऑक्टोबरात मात्र त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि ते सहा आठवडे खाटेवर होते. डिसेंबरात पोहोचले तेव्हा सारे हिमाखाली गेले होते. त्यांनी स्मरणावर विसंबून ठरवले. त्या तळ्यावर पूर्वी खरोखरच दोन कुटुंबे होती. पण ते स्मरण अकरा वर्षांचे जुने होते.

मर्लिसने बर्फ फोडले, सापळे लावले, चार बीव्हर काढले. चारही कातडी तिने स्वतः ठोकली, जराही न ताणता. मांस जॉइसने शिजवून शेजाऱ्यांना वाटले. ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी मोजणी झाली आणि मुलगी डेलच्या पुढे गेली.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दोघे उरलेले सापळे उचलायला गेले. थंडी इतकी होती की पापण्या चिकटत होत्या. अशा सकाळी बीव्हरच्या घराच्या माथ्यावर, आतल्या श्वासांच्या ऊबेने, हिमाला लहानसे भोक पडते आणि भोवती गोठलेल्या वाफेचे पांढरे काटे उगवतात. मर्लिस पुढे होती. ती पहिल्या घरापाशी थांबली, मग दुसऱ्यापाशी गेली.

‘आजोबा, वर भोक नाहीये. दोन्हीकडे हिम सपाट आहे.’

वॉलफ्रिड आले. त्यांनी हातमोजा काढून माथ्यावरच्या हिमात बोटे घातली. मग पहार घेतली आणि दुसऱ्या घराच्या कडेला बर्फ फोडायला लागले. खुबा दुखत होता. मुलीने पहार मागितली, तरी त्यांनी दिली नाही. खाली काळे पाणी लागले, त्यात काही नव्हते. त्यांनी आणखी दोन ठिकाणी पाहिले. शेवटी पहिल्या घराजवळ फोडले तेव्हा पहारीला फांद्या लागल्या. ॲस्पन झाडाच्या, हिरव्या सालीच्या, जवळजवळ न खाल्लेल्या.

ते गुडघे टेकून फांद्या चाचपू लागले.

‘काय झालं?’

‘बेगमी एकच आहे, पोरी. घरं दोन, पण कुटुंब एकच होतं. आपण त्यातले चार घेतले.’

‘मग आत कोणीच नाही?’

‘एखादं पिल्लू असेल कदाचित. एकट्याची ऊब वरपर्यंत येत नाही.’

मुलीने पांढऱ्या माथ्याकडे पाहिले. ती म्हणाली, ‘हे कोणालाच माहीत नाही.’

‘नाही.’

‘तुम्ही सांगणार.’

‘शेवटची दोन कातडी मोजणीतून काढावी लागतील.’

‘म्हणजे डेल जिंकणार.’

‘हो.’

मर्लिसचा आवाज चढला नाही. ‘घरं तुम्ही मोजलीत. मी विचारलं होतं, दोन कुटुंबं आहेत ना, तर तुम्ही हो म्हणालात. चूक तुमची, आणि गुण माझे कापणार?’

‘हो.’

‘हे बरोबर आहे?’

वॉलफ्रिड यांनी पहारीवर भार देऊन उठण्याचा प्रयत्न केला. उठता आले नाही, म्हणून ते तसेच बसून राहिले. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘तुझ्यावर अन्याय आहे. पण आपण दोनाहून जास्त घेतले, हेही खरं आहे. मला यातून दुसरी वाट दिसत नाही.’

तिने त्यांना हात देऊन उठवले. मग सापळे उचलून दोघे परतले.

एकतीस तारखेच्या दुपारी सभागृहात सारे गाव जमले होते. टेबलांवर करंजीसारख्या मांसाच्या पेस्टी आणि कॉफीची पिंपे होती. अध्यक्ष ऑस्कर पेल्टो निकाल वाचायला उठले, तेव्हा वॉलफ्रिड आधीच उभे होते. त्यांनी तळ्याचे, बेगमीचे, न पडलेल्या भोकांचे सांगितले. आवाज रोजचाच होता, शनिवारी आकडे सांगताना असे तसाच.

‘कायदा मोडलेला नाही,’ पेल्टो म्हणाले.

‘दंडक मोडलाय.’

‘अरे, दंडक तूच मोडलास. मग दंड तुला करू. पोरीचं काय चुकलं?’

‘मला गुणच नाहीत, ऑस्कर. कापणार काय? नियम मीच तसा केला होता.’

आर्वो मात्तिला भिंतीला टेकून उभा होता. पुतण्या जिंकणार होता. पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ‘वॉलफ्रिड, आमच्या डेलला असलं जिंकणं नकोय. लोक आयुष्यभर टोमणे मारतील. एवढं एक वर्ष गप्प बसला असतास तर आभाळ कोसळलं असतं का?’

‘नसतं कोसळलं.’

‘मग?’

कोणीतरी म्हणाले, म्हातारा नीट तरी बघून आला का, हिमात भोक बुजतंच. त्याला दुजोरा मिळाला, कुजबुज वाढली, आणि प्रकरण तेवढ्यावर मिटेल असे वाटू लागले. तेव्हा आईशेजारची मर्लिस उठली.

‘भोक बुजलेलं नव्हतं, पडलंच नव्हतं,’ ती म्हणाली. ‘दोन्ही घरांवर. आधी मी पाहिलं. आजोबांनी नंतर.’

ती खाली बसली. जॉइसने तिच्या पाठीवर हात ठेवला; तिने तो झटकला. पेल्टोंनी कागदावर दोन ओळी खोडल्या आणि डेल मात्तिलाचे नाव वाचले. टाळ्या थोड्याच वाजल्या. मर्लिस कोट घालून बाहेर गेली. जाताना ती वॉलफ्रिड यांच्यासमोरून गेली आणि तिने त्यांच्याकडे पाहिले नाही.

नव्या वर्षी तिने स्पर्धेत नाव दिले नाही. दर शनिवारी वॉलफ्रिड यांच्या पडवीत पट्टी, काटा आणि कॉफी तयार असे. मुले येत, जात. ती आली नाही. दुकानात जॉइस भेटली की ते टोपी काढीत. एकदा त्यांनी विचारले, ‘पोर कशी आहे?’ जॉइस म्हणाली, ‘चिडलीये. मीही चिडलेय तुमच्यावर, नीमेला. आणि तरी तुम्हीच चुकलात असं मला म्हणता येत नाही, म्हणून आणखी चिडलेय.’ त्यांनी मान डोलावली.

ऑक्टोबराच्या दुसऱ्या शनिवारी वॉलफ्रिड काठी घेऊन तळ्यांकडे निघाले. बर्च आणि ॲस्पन पिवळे झाले होते. रस्ता संपतो तेथे ट्रक उभा करून ते काठ्यांची मोळी उतरवीत होते. प्रत्येक काठीच्या टोकाला त्यांनी लेम्पींच्या जुन्या झग्याची लाल चिंधी बांधली होती. एक सायकल येऊन थांबली.

‘एवढ्या काठ्या कशाला?’ मर्लिसने विचारले.

‘जिथे बेगमी, तिथे एक रोवायची. हिमाच्या वर दिसली पाहिजे. मग मी नसलो तरी कोणी चुकणार नाही.’

‘मी स्पर्धेत नाहीये.’

‘याला गुणही नाहीत.’

तिने अर्धी मोळी खांद्यावर घेतली. त्या दिवशी दोघांनी सात तळी पाहिली आणि पाच काठ्या रोवल्या. दलदलीपलीकडच्या तळ्यावर रोवण्यासारखे काही नव्हते. तेथे ते थोडा वेळ उभे राहिले. मर्लिसने त्यांना क्षमा केली किंवा नाही, हे तिने कधी सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही. पुढच्या ऑक्टोबरात डेल मात्तिला आला, त्याच्यामागून आणखी चार मुले आली. मर्लिसने स्पर्धेत पुन्हा नाव दिले नाही आणि फलकावर तिचे नाव कधी आले नाही. शाळा संपल्यावर ती डुलुथ शहरात परिचारिका होण्यासाठी गेली.

वॉलफ्रिड नीमेला एका नोव्हेंबरात, एकोणऐंशीव्या वर्षी, झोपेत गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. घर विकले गेले, सापळे मंडळातील मुलांनी वाटून घेतले. दलदलीपलीकडच्या तळ्यावर, त्या हिवाळ्यानंतर सहाव्या वर्षी, बीव्हरची एक जोडी आली; तेथे अजून कोणी सापळा लावत नाही. दर ऑक्टोबराच्या दुसऱ्या शनिवारी कोर्पीतील मुले बेगमी मोजायला जातात आणि काठ्या रोवून परततात. गेल्या वर्षी सत्तावीस मुले गेली होती.