नवऱ्याच्या टाचेचा पुरावा

नवेगाव बांधजवळच्या एका उपकेंद्रात मी सिस्टर होते आणि टोचण्याच्या बाबतीत भारी खडूस होते. बर्फाच्या डब्यातून लस आली की आधी बॅच नंबर, मग तारीख, मग रजिस्टर, आणि त्यानंतरच सिरिंज. गावातल्या लोकांनी यातलं कधी काही विचारलं नाही. मी म्हटलं दंड पुढे करा, की दंड पुढे. असाच विश्वास माझ्या नवऱ्यानेही टाकला होता. त्या विश्वासाची मी काय वाट लावली, ते सांगायचं आहे.

नवरा लाइनमन. चाळिशी उलटली तरी गावच्या कबड्डी संघातून काही उठेना. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाटक होतं आणि दिवसा कबड्डीचे सामने. त्या वर्षी मंडईला दोन महिने असताना सरावात त्याची टाचेमागची नस दुखावली. डॉक्टरांनी आराम आणि व्यायाम सांगितला. आराम हा शब्द ऐकूनच गड्याचा अपमान झाला.

मग तो गोंदियाला गेला आणि एका जिमच्या ट्रेनरकडून पाच इवल्याशा कुप्या घेऊन आला. आत चिमूटभर पांढरी पावडर. पेप्टाइड म्हणे. पाण्यात मिसळून रोज पोटाच्या कातडीखाली टोचायचं. ट्रेनरने सांगितलं होतं, "भैया, बीस दिन में दौड़ोगे."

मी कुपी उलटीपालटी करून पाहिली. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही.

"तसं लिहाच लागते," नवरा म्हणाला. "कायद्यासाठी. तू कायले टेन्शन घेऊन राहिली?"

तेव्हा घरोघरी नवे स्मार्टफोन आले होते. उपकेंद्राच्या पायरीवर जिथे रेंज यायची तिथे बसून मी दोन दिवस वाचलं. प्रयोग झालेले होते, पण बहुतेक उंदरांवर. उंदरांच्या नसा कापल्या, औषध दिलं, नसा लवकर जुळल्या. माणसांवरचा धड अभ्यास शोधून सापडेना. औषध म्हणून परवानगी नाही, म्हणून मेडिकलमध्ये नाही, म्हणून कोणी तपासायलाही जात नाही. प्रयोगशाळेचं रसायन म्हणून विकायचं, कुरियरने पाठवायचं, की झालं. कुपीत तेच आहे की दुसरं काही, हेसुद्धा विकणाऱ्यालाच ठाऊक.

हे सगळं मी सासूबाईंसमोर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "उंदीर बरे झाले ना?"

"झाले."

"मंग त्याइले कायले बरे केले? आपल्या ढोलीतलं धान कोण खाते?"

नवऱ्याला आईचा पाठिंबा मिळाला असं वाटलं. तो हटूनच बसला. "तू नाही टोचली तर मी गोंदियाले जाऊन टोचून घेतो."

हे मात्र त्याने नक्की केलं असतं. तिथे कोण कुठली सुई वापरणार, या धास्तीने मी हो म्हटलं. पण अर्जुनीच्या मेडिकलमधून नॉर्मल सलाइन, म्हणजे निव्वळ मिठाचं पाणी, आणलं. रोज सकाळी स्वयंपाकघरात पाठ करून ते सिरिंजमध्ये ओढायचं आणि त्याच्या पोटावर टोचायचं. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर चढणारा हा माणूस सुई दिसली की डोळे गच्च मिटतो, त्यामुळे अडचण काही आली नाही. शिवाय मी ऐटीत बजावलं, "या औषधासोबत पळायचं नाही. रोज दोनदा पायरीवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची. नाहीतर औषध लागू पडत नाही." डॉक्टरांचं न ऐकणारा माणूस पावडरचं सगळं ऐकत होता. मला फार हसू यायचं.

दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, माझा आवाज जरा खाली जायचा. तेवढंच.

टाच बरी झाली. मंडईत तो खेळला, चांगला खेळला. आणि मग ज्याला त्याला पोट दाखवत सुटला.

आठ दिवसांनी उपकेंद्राच्या ओसरीवर संघातले चार गडी रांगेत उभे. कोणाचा खांदा, कोणाचा गुडघा. हातात थर्मास, त्यात बर्फ, बर्फात कुप्या. बाजूला नवरा, जत्रेचा मानकरी असल्यासारखा.

"सिस्टर, आमालेही टोचा."

मी उंदरांचं सांगितलं, परवानगीचं सांगितलं. पहिला गडी म्हणाला, "ते राहू द्या जी. भाऊ बरा झाला का नाही? डोळ्यानं पाहिलं आमी."

अख्ख्या तालुक्यात या औषधाचा माणसावरचा एकच पुरावा होता आणि तो मी स्वयंपाकघरात तयार केला होता. गप्प राहिले असते तर हे चौघे गोंदियाला जाऊन टोचून आले असते, त्यांच्यामागून आणखी कोणी.

मी घरी गेले, फ्रिजमध्ये भाजीमागे दडवलेल्या त्या पाच कुप्या आणल्या आणि ओसरीवर मांडल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

"यांना मी नुसतं मिठाचं पाणी टोचलं," मी म्हणाले. "टाच आरामाने बरी झाली असेल, व्यायामाने झाली असेल. या कुप्यांनी नाही."

चौघे आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहू लागले. एकाला हसू आवरेना. नवरा सायकल घेऊन निघून गेला. तिघांनी थर्मास परत नेले. चौथ्याने बाहेर कुठेतरी टोचून घेतलंच. त्याचा खांदाही बरा झाला, कशाने ते सांगता येत नाही.

नवरा तीन दिवस ताट उचलून अंगणात जेवला. चौथ्या दिवशी जेवताना मीच म्हटलं, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

"नसतं ऐकलं," तो म्हणाला. "पण पाय माहा होता."

मला लाज वाटली, आजही वाटते. त्यानंतर मी त्याला तापाची साधी गोळी दिली तरी तो आधी पाकीट मागतो, उजेडात धरून नाव आणि तारीख वाचतो आणि मगच गिळतो. तोवर मी पाण्याचा ग्लास धरून उभी राहते.