काटेवाल्यांच्या लेकीचं चाक

आमच्या शेजारच्या काटेवाल्यांनी चाळीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले. काट्यात केसभर फरक राहिला तरी त्यांना चैन पडायचं नाही. मी चिडवायची, "काका, काकूंनाही तोलूनच पसंत केलं असेल!" तेही सोडायचे नाहीत. "आलं का बातमीपत्र? वाच, आज कोणाचं काय?" काकू गेल्यावर त्या घरात हसणं उरलं ते एवढंच. एवढं, आणि शनिवार.

शनिवारी पुलापलीकडच्या सासरहून लेक यायची, सायकलवर. "बाबा, पुढचं चाक परत ब्रेकला घासतंय." काका पोतं अंथरून सायकल उलटी करायचे, चाक काढायचे, पुसायचे, बसवायचे, फिरवून बघायचे, पुन्हा काढायचे. लेक पायरीवर बसून बोलायची, खायची. एकदा तर भिंतीला टेकून तिथेच झोपली. असे दोन तास.

आता मला सांगा, केसभर फरक न खपणाऱ्या माणसाला एक चाक सरळ बसवता येऊ नये? मी खिडकीच्या पडद्याआड ठाण मांडलं. लेक पाणी प्यायला आत गेली तशी काकांनी एक नट सैल केला, रिम अंगठ्याने जराशी डावीकडे सारली आणि नट पुन्हा करकचून आवळला. चाक निसटायची भीती नाही, पण आठवडाभर ब्रेक न दाबताही रबर रिमला घासणारच! तोंडावर हात दाबून मी हसले. चोर सापडला होता.

गप्प बसेन तर मी कसली! बुधवारी बाजारातून येताना मुद्दाम लेकीच्या दारावरून गेले. ती दवाखान्यात कामाला जायला सायकल बाहेर काढत होती, मागे सासूबाई उभ्या होत्या.

"घासतंय ना? दे इकडे."

"राहू दे मावशी, शनिवारी बाबा करतील."

"बाबा कसले करतात!" म्हणत मी सीटखालचा पाना काढला. सायकल उलटी करायचीच नाही, सरळ उभी ठेवायची. दोन्ही नट सैल करायचे, हँडलवर भार टाकून आस खाचेत पुरता बसवायचा, मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं आवळत जायचं. चाक फिरवलं. कुठे म्हणून घासत नव्हतं.

लेक त्या फिरत्या चाकाकडे बघतच राहिली. मला वाटलं, माझी कारागिरी बघून थक्क झाली. बोलल्या त्या सासूबाई. "बघ, पाच मिनिटांचं काम. आणि त्यासाठी दर शनिवारी अर्धा दिवस तिकडे!"

शनिवारी काकांची फजिती बघायला मी खिडकीत हजर. पोतं अंथरलेलं होतं. लेक आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी मीच गेले आणि सगळं सांगून टाकलं. वर शहाणपणाही केला, "काका, लबाडी कशाला? नुसतं 'ये' म्हणायचं ना तिला!"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "नुसतं यायचं तर तिला घरी विचारावं लागतं," ते म्हणाले. "चाक घासत असलं की लागत नव्हतं."

"म्हणजे... तिला ठाऊक होतं?"

"अगं, पहिल्यांदा वाकडं करून तिनेच आणलं होतं. मी ओळखलं. बोललो नाही कोणीच."

मी म्हटलं, सासूबाईंना जाऊन समजावते. काकांनी हात जोडले. "नको बाई. एकदा गेलीस, शनिवार गेला. आता राहू दे."

हल्ली संध्याकाळी काका पुलावर जाऊन उभे राहतात. दवाखान्यातलं काम आटपून लेक त्याच वाटेने घरी जाते. परवा मी मागेच होते. उशीर झाला की घरी विचारतात, म्हणून ती उतरली नाही. वेग कमी केला, एक पाय जमिनीला टेकल्यासारखा केला आणि विचारलं, "बाबा, दुपारी जेवलात ना?"

काका "हो" म्हणेपर्यंत ती पुढे गेली होती.